चेन सॉ : जुना, नवा आणि आपली घाई



गणपती जवळ आले की आपल्या शेतकी खात्यात रस्त्यांच्या याद्या निघतात. कोणत्या शिवारातला रस्ता खचला, कोणत्या ओढ्यावर मोरी बसली, कोठे बांधावरची बाभळ, करंज, सुबाभूळ रस्त्यावर झुकली, हे सर्व गळीत हंगामापूर्वी पाहून ठेवावे लागते. भरलेल्या ट्रॉलीच्या वरच्या मोळ्या फांदीत अडकल्या की पाठीमागची दहा वाहने खोळंबतात, टोळी बसून राहते, ऊस वाळतो आणि बोलणी मात्र आम्हांस खावी लागतात! म्हणून रस्ते मोकळे करण्याच्या कामाकडे आम्ही कधी दुर्लक्ष केले नाही, करणारही नाही.

यंदा मात्र या यादीबरोबर आमच्या टेबलावर आणखी एक गठ्ठा आला आहे. कित्येक सभासदांनी गट कार्यालयात अर्ज दिले आहेत. ठिबक संच, फवारणी पंप, कडबाकुट्टी यांप्रमाणे झाडे कापण्याचा चेन सॉही कारखान्याने सवलतीच्या दरात द्यावा आणि त्याची वसुली उसाच्या बिलातून हप्त्याने करावी, अशी मागणी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघणार हे उघड आहे. त्यापूर्वी आमचे मत सभासदांपुढे स्पष्टपणे मांडावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत. मत पुष्कळांना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. तरी सर्व वाचून मग काय ते बोलावे, ही विनंती.

जुने मशीन आणि त्याचा धाक

आमच्या लहानपणी गावात मोठे झाड पाडायचे म्हणजे करवतवाले बोलवावे लागत. लांब करवतीच्या एका टोकाला एक गडी, दुसऱ्या टोकाला दुसरा. खोडाच्या फळ्या पाडायच्या तर एक जण वर उभा, एक जण खाली खड्ड्यात, अंगभर भुसा. एका चिंचेला दोन-दोन दिवस लागत. त्यात घाम होता, वेळ होता, पण गडी जायबंदी झाल्याचे फारसे ऐकू येत नसे. करवत हाताच्याच वेगाने चाले, आणि हात थांबला की तीही थांबे.

पुढे आम्ही नोकरीस लागलो तेव्हा कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक जुना चेन सॉ होता. भल्यामोठ्या टाकीचा, काळाकुट्ट, दहा-बारा किलोचा ऐवज. तो चालविणारे सिव्हिल खात्यातले एकच मिस्त्री होते. दुसऱ्या कोणाची हात लावण्याची छाती नव्हती. मशीन चालू झाले की अंगभर कापरे भरे. संध्याकाळी मिस्त्रींच्या हातातला चहा बशीत सांडायचा, बोटांची टोके पांढरी पडायची. ते म्हणायचे, "साहेब, हे जनावर आहे. ह्याला चुचकारून घ्यायचं, पण ह्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही."

त्या मशीनला साखळी थांबविणारा ब्रेक नव्हता. पुढच्या मुठीवर हाताला आडोसा नव्हता. आजच्या दृष्टीने पाहता ते मशीन कोणाच्याही हाती देऊ नये असेच होते. पण मिस्त्री काय करीत? झाडाजवळ गेल्यावर आधी मशीन खाली ठेवीत. झाडाला एक फेरी मारीत, शेंड्याकडे पाहून कल कोणीकडे आहे, वारा कोठून आहे ते बघत. कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोड ठोकून आत पोकळ आहे का याचा अंदाज घेत. बांधावरच्या बाभळीला कोणी तारकुंपणासाठी खिळे ठोकलेत का ते पाहत. गळ्यातला टॉवेल काढून गाडीत टाकीत, पोरांना हाकलीत, आणि झाड पडू लागले तर आपण पळायचे कोणीकडे ती वाट आधी झुडपे तोडून मोकळी करीत. एवढे सोपस्कार झाल्यावर मग दोरी ओढीत. आम्हांस त्या वेळी या सर्वांचा कंटाळा येई. आज कळते की त्या मशीनचे सर्व संरक्षण त्या माणसाच्या डोक्यात होते, आणि ते तेथे धाकाने बसविले होते.

नवे मशीन कसे घडले

हे यंत्र एका दिवसात आजच्या रूपाला आलेले नाही. जर्मनीतील आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत तयार केली. ते पेट्रोलचे मशीन सुमारे ४६ किलोचे होते. दोन गडी लागत. एकाच माणसाने चालवावे असे त्यांचे मशीन १९५० मध्ये आले, ते १६ किलोचे. १९५९ साली ते १२ किलोवर आले. आज आपल्या बांधावर जी मशीने दिसतात ती साधारण पाच-सहा किलोची.

साखळीच्या दातांची कथा तर ऊसवाल्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. पूर्वीच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे होते. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ च्या सुमारास त्याने एका ओंडक्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहिली. ती आडव्या-उभ्या रेषांची पर्वा न करता सरळ लाकूड खात चालली होती. बारकाईने पाहता तिचे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे चावत होते. कॉक्सने तशाच धर्तीवर एक दात डावा, एक उजवा अशी साखळी बनविली, आणि आजच्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. आमचा सगळा जन्म खोडकिडीशी भांडण्यात गेला. तिच्याच एका चुलत्याने जगाला झाडे कापायला शिकविले, हे वाचून आम्हांस मोठी गंमत वाटली.

त्यानंतर सुधारणा झाल्या त्या माणसाचा जीव वाचविण्यासाठी. कापऱ्याने जंगलकामगारांच्या बोटांतले रक्त आटते हे ध्यानात आल्यावर १९६० नंतरच्या दशकात मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर आले, पुढे स्प्रिंगा आल्या. १९७०-७५ च्या दरम्यान साखळीचा ब्रेक आला. मागच्या मुठीत दुहेरी घोडा आला, म्हणजे तळहाताने वरची पट्टी दाबल्याशिवाय रेस वाढतच नाही. साखळी तुटली तर ती हातावर येऊ नये म्हणून खाली अडकण आले. आमच्या मिस्त्रींच्या डोक्यात जे होते त्यातले पुष्कळसे कारखानदारांनी लोखंडात आणि प्लॅस्टिकमध्ये उतरविले.

तेव्हा "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या सभासदांशी आम्ही सहमत नाही. जुने मशीन वाईटच होते, नवे निःसंशय चांगले आहे. मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? ती आता सांगतो.

उसळी म्हणजे काय

चेन सॉची साखळी पूर्ण वेगात सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहूनही अधिक धावते. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या वर. ज्या पट्टीवरून ती धावते तिच्या गोल टोकाचा वरचा भाग जर चालू असताना कशाला टेकला, तर दात लाकडात शिरण्याऐवजी अडकतो आणि सर्व जोर उलटा फिरतो. मशीन वर आणि मागे, चालविणाऱ्याच्या तोंडाकडे, खांद्याकडे उसळते. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे सारे होऊन जाते. ताकदवान गड्यालाही ते रोखता येत नाही.

यासाठीच तो ब्रेक आहे. मशीन उसळले की पुढच्या मुठीवरचा डावा हात सरकतो, मनगट समोरच्या आडोशाला लागते, ब्रेक बसतो आणि साखळी जागच्या जागी थांबते. हे वाक्य सभासदांनी पुन्हा एकदा वाचावे. ब्रेक लागण्यासाठी डावा हात मुठीवर असावा लागतो.

ऑक्टोबर २०२१

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना आम्हांस संकोच होतो. परंतु दुसऱ्यांना उपदेश करायचा आणि आपले झाकून ठेवायचे हे बरोबर नाही.

ऑक्टोबर २०२१ मधली गोष्ट. गळीत सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. पाऊस लांबल्याने रस्त्यांची कामे मागे पडली होती. एका गटात सभासदांनी नवा चेन सॉ आणला होता, हलका, सुबक, ब्रेकचा. तो चालवायला त्याच सभासदाकडे रोजाने येणारा बावीस वर्षांचा एक मुलगा होता. हुशार, चपळ, कोणतेही मशीन दोन दिवसांत आत्मसात करणारा. मशीनबरोबर आलेली टोपी आणि चष्मा खोक्यातच होते.

करंजाची एक फांदी रस्त्यावर आडवी आली होती. शिडी आणायला वस्तीवर जावे लागले असते. म्हणून ट्रॉली खाली लावली. मुलगा ट्रॉलीच्या फाळक्यावर चढला. तोल सांभाळण्यासाठी डाव्या हाताने वरची फांदी धरली आणि उजव्या हातात मशीन. पाच किलोचेच तर होते! जुने दहा-बारा किलोचे धूड असते तर एका हाताने उचलण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसता.

आम्ही खाली उभे होतो. आमच्या हातात यादी होती, आणि आम्ही वर पाहून म्हणालो, "आटप रे पोरा, अजून दोन रस्ते राहिलेत."

फांदीच्या पलीकडे दुसरा एक फाटा होता. पट्टीचे टोक त्याला टेकले. मशीन उसळले. ब्रेक होता, पण डावा हात फांदीवर होता. अशा उसळीत ब्रेक झटक्याने आपोआपही लागतो म्हणतात. लागलाही असेल. पण तोवर साखळी खांद्यात शिरली होती.

आमच्याच टॉवेलाने खांदा बांधला आणि आमच्याच जीपमधून तालुक्याला नेले. एकतीस टाके पडले. जीव वाचला. पण खांद्याचा स्नायू तुटला तो पुरता जुळला नाही. तो हात आजही खांद्याच्या वर जात नाही. दवाखान्याचा खर्च त्या सभासदाने केला, आम्ही खात्यातल्या लोकांनी थोडी वर्गणी काढली. पुढे काय? तो मुलगा कारखान्याचा कामगार नव्हता, सभासद नव्हता, त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. कोणत्याच रजिस्टरात त्याचे नाव नव्हते. आज तो एका किराणा दुकानात बसतो. मध्यंतरी भेटला तेव्हा त्याने विचारले, "साहेब, औंदा रस्ते झाले का?" त्याने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरे झाले असते, असे राहून राहून वाटते.

त्या दिवशी मशीन नवे होते, घाई मात्र जुनीच होती. आणि ती आमची होती.

हे एकट्या चेन सॉचे नाही

सभासदांपैकी प्रत्येकाला आपापल्या वाडीतले असे एखादे उदाहरण आठवेल. कडबाकुट्टीत पदराचे टोक गेलेले, मोटरच्या पट्ट्यात धोतराचा सोगा गेलेला. ग्राइंडरचे झाकण काढून त्याला लाकूड कापायचे दातेरी पाते बसविणे हा तर गावोगावचा शोधच झाला आहे! ते यंत्र लोखंड घासायला बनविलेले, आणि त्या पात्याला लागणारा वेग त्याच्या वेगाहून कितीतरी कमी. आम्ही एकाचा अंगठा असा गेलेला पाहिला आहे. गवत काढायच्या ब्रश कटरने खोडव्यातले बुडखे छाटताना उडालेला खडा चाळीस फुटांवरच्या बैलाच्या डोळ्याला लागलेला पाहिला आहे. तो खडा माणसाला लागला असता तर?

पाचट कुट्टीच्या मशीनचेही तेच. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. "बंद कर, बंद कर" असे दोनदा ओरडायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात अठरा फेरे झालेले असतात. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण तुटले म्हणून काढून टाकलेले किती ट्रॅक्टर आपल्या गव्हाणीवर येतात, ते सभासदांनीच मोजावे.

मळणी यंत्राचा अनुभव तर सर्व देशाने घेतला आहे. यंत्राच्या तोंडात पेंढी सारताना शेतमजुरांचे हात जाऊ लागले, ते इतके की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांबाबत कायदा करावा लागला. हात आतल्या ड्रमपर्यंत पोहोचूच नये अशा लांब झाकलेल्या तोंडाची यंत्रे आली. आणि आपल्या लोकांनी काय केले? माल लवकर सरकत नाही म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेऊन ते तोंड कापून आखूड करून घेतले. सरकारने दिलेले संरक्षण आपण पदरचे पैसे देऊन काढून टाकले!

आम्ही स्वतः फार शहाणे होतो अशातला भाग नाही. २००९ साली संचालक मंडळापुढे नव्या चेन सॉचे प्रात्यक्षिक ठेवले होते. आम्ही वीस वेळा दोरी ओढली, घामाघूम झालो, पेट्रोल आतमध्ये तुंबले, पण मशीन हूं म्हणेना. शेवटी बघ्यांतला एक शाळकरी मुलगा म्हणाला, "काका, बटण बंद हाय." हशा पिकला. त्या हशाने आमचे काही बिघडले नाही, पण धडा मात्र मिळाला. यंत्राची पुस्तिका आम्ही वाचली नव्हती. वाचली नव्हती आणि इतरांना शिकवायला उभे राहिलो होतो.

सवलतीत वाटप का नको

या सर्वांवरून आमचे मत असे झाले आहे की, कारखान्याने चेन सॉ घरोघर वाटू नयेत. सवलतीत नको आणि हप्त्यानेही नको.

याचे कारण असे. जुन्या मशीनचा धाक होता, म्हणून ते गावात एकाच्या हाती राही. नव्याने तो धाक काढून घेतला. आता बॅटरीवरची हातभर लांबीची छोटी मशीने तर खेळण्यासारखी दिसतात. दोरी ओढणे नाही, धूर नाही, फारसा आवाज नाही. बटण दाबले की चालू. त्यांतील कित्येकांना ब्रेकच नसतो, आणि ती कोनाड्यात, पोरांच्या हाताशी पडलेली असतात. यंत्र सुधारले हे खरे, पण सुधारल्यामुळेच ते न शिकलेल्या हातात गेले, आणि अपघात तेथे उभा राहिला.

दुसरे असे की, एका सभासदाला चेन सॉ वर्षातून किती दिवस लागतो? दोन, फार तर चार. वर्षातून चार दिवस हाती घेतलेल्या यंत्राचा सराव होत नाही. साखळी बोथट होते, तिला गोल कानस कोणी लावत नाही. धारेच्या साखळीतून ढलप्या पडतात, बोथट साखळीतून पीठ पडते. पीठ पडू लागले की माणूस मशीन दाबतो, आणि दाबलेले मशीनच उसळते. पेट्रोलमध्ये ऑईल किती घालायचे याचाही घोळ. आजच्या बहुतेक मशीनला लिटरला वीस मिली सांगितलेले असते, तर जुन्या सवयीचे लोक अंदाजाने धार धरतात. सबब मशीनही जाते आणि माणूसही.

तिसरे, सवलतीच्या योजनेत किंमत कमी करायची म्हटली की प्रथम काय कमी होते? हेल्मेट, जाळी, कानाचे झाकण, पायाची पँट. ती पँट जाडसर दिसते, पण तिच्यात लांब धागे असतात. साखळी लागताच ते धागे बाहेर खेचले जाऊन चक्रात गुंततात आणि साखळी थांबवितात. शंभर डेसिबलच्या वर आवाज करणाऱ्या मशीनला कानाचे झाकण नसले तर माणसाला बहिरेपणा येऊ शकतो. पण दुकानात घासाघीस करताना आपण म्हणतो, "ते राहू द्या, नुसतं मशीन सांगा." जीवाची किंमत आपण अशी बिलातून वजा करून घेतो.

आमच्या या मतावर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. सभासद म्हणतील, "साहेब, मशीनवाला वेळेवर येत नाही. त्याच्या मागं फिरायचं का ऊस बघायचा?" कबूल आहे. दुसरे म्हणतील, "कारखाना देत नसला तर आम्ही बाजारातून आणू." तेही खरे, कोणाचा हात आम्ही धरू शकत नाही. परंतु बाजारातून आणणे वेगळे आणि आपल्या सहकारी संस्थेने स्वतःच्या शिक्क्यानिशी हातात देणे वेगळे. कारखान्याने दिलेले बियाणे सभासद डोळे झाकून लावतो. कारखान्याने दिलेले यंत्रही तो डोळे झाकूनच चालवील. ती जबाबदारी आपली आहे.

मग करावे काय

आमच्या तीन सूचना आहेत. सभेने त्यांचा विचार करावा.

पहिली. प्रत्येक गट कार्यालयात एक उत्तम मशीन, पूर्ण पोशाखासह ठेवावे. मशीन आणि पोशाख एकाच पावतीवर बाहेर जावेत आणि एकाच पावतीवर परत यावेत. हेल्मेट नको म्हणणाऱ्याला मशीनही मिळणार नाही. त्याबरोबर शिकलेले दोन गडी असावेत, एक चालविणारा, एक पाहणारा. नोंदवही ठेवावी, नंबर लागेल तसे काम व्हावे, आणि गळितापूर्वीच्या दोन महिन्यांत रस्त्यांना अग्रक्रम असावा. वेळेवर न आल्यास सभासदाने आम्हांस जाब विचारावा.

दुसरी. हंगामापूर्वी गटवार अर्ध्या दिवसाचे शिक्षण द्यावे. झाड ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच घ्यायची, मागचा काप त्या खाचेपेक्षा थोडा वर घ्यायचा, मध्ये खोडाच्या दहाव्या हिश्शाइतके लाकूड बिजागरीसारखे न कापता सोडायचे, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरा माणूस नसावा, कललेली नीलगिरी उभी चिरते म्हणून तिच्या पाठीमागे उभे राहू नये, विजेच्या तारेजवळ वायरमनला विचारल्याशिवाय हात घालू नये. एवढे अर्ध्या दिवसात शिकवून, करवून घेता येते. त्याच वेळी आंबा, चिंच, जांभूळ, साग, फणस अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, हेही सांगता येईल. ज्याने घरचे मशीन आणले आहे त्यानेही यावे. जो शिकला नाही त्याला गटाचे मशीन मिळणार नाही, मग तो कोणाचाही पाहुणा असो.

तिसरी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातात यंत्र, त्याचा विमा. शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात सानुग्रह योजना २०२३ पासून आहे. त्यात अपघाती मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा अथवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. ज्यांच्या घरी प्रसंग ओढवला त्यांनी तालुका कृषी कार्यालयात वेळेत अर्ज करावा, आमचे खाते कागदपत्रांना मदत करील. परंतु आपल्या बांधावर मशीन धरतो तो बहुधा खातेदार नसतो. तो दुसऱ्याच्या रोजावर आलेला असतो. त्याचा अपघात विमा उतरविण्यासाठी टनामागे काही पैसे बाजूला काढावेत, असे आम्ही सुचवितो.

कपातीचे नाव काढले की सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. टनामागे किती, हे सभेने ठरवावे. पण ठरविताना एवढेच लक्षात घ्यावे की, आपला ऊस काट्यावर येईपर्यंत जेवढे हात त्याला लागतात, त्यांतले निम्मे हात सभासदांचे नसतात. आपण टनेज मोजतो, उतारा मोजतो. ते हात मोजत नाही.

आमच्या पुरते आम्ही ठरविले आहे. यंदा रस्ते पाहायला जाताना यादीबरोबर जीपमध्ये शिडी असेल. डावा हात मुठीवर नसेल तर काम थांबेल, मग त्या दिवशी दोन रस्ते राहिले तरी चालतील. राहिलेल्या रस्त्यांबद्दल सभासदांनी आम्हांस खुशाल बोल लावावा. तो आम्ही ऐकून घेऊ.

सभेत या विषयावर मोकळेपणी चर्चा व्हावी आणि योग्य तो निर्णय व्हावा, ही विनंती.



ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते